पलंगाखालची बरणी

डेंग्यूतून उठलेला मुलगा अजून भिंत धरून चालत होता. पुन्हा झाला तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, सगळं कोरडं केलं. तरी भरदिवसा डास गुणगुणतच होते. “खालचं गटार बघ आधी,” नवरा म्हणाला. “अरे, हे स्वच्छ पाण्यात होतात. सांगून सांगून तोंड दुखलं,” म्हणत ती पलंगाखाली वाकली. तिथे बरणीत अळ्या वळवळत होत्या. धाकटी धावत आली. “तू कूलरमधल्या फेकत होतीस, मी थोड्या वाचवल्या. दादाला चावायचं नाही, सांगितलंय त्यांना.” संतापलेली आई बरणी घेऊन गच्चीकडे निघाली. “आई, त्यांची आई शोधेल ना?” “तीच चावली दादाला.” “का?” “पिल्लांसाठी रक्त लागतं तिला.” आई थबकली. मग धाकटीला कडेवर घेऊन तापलेल्या फरशीवर बरणी उपडी केली.