नारळाची सावली

लढाईवरून परतलेल्या सयाजीला पलटणीत लय काही शिकवलं होतं. रात्री चंद्रग्रहण होतं, म्हणून दुपारीच त्यानं अंधाऱ्या माजघरात दोघी बायकांना बोलावलं. थोरल्या मनुबाईच्या हातात पेटता दिवा दिला, पोटुशी असलेल्या धाकट्या रंगूच्या हातात लिंबू, आणि मधे स्वतः नारळ धरून बसला.

"दिवा म्हंजी सूर्य, लिंबू म्हंजी चांद. मधी ही आपली धरती आली, की तिची सावली चांदावर पडती. झालं गिराण. राहूबिहू कोन न्हाई."

"मंग आज म्या भाजी चिरली तर?" रंगूनं पोटावर हात ठेवला.

"चीर की. सावलीनं पोटातल्या लेकराला काय हुतंय, येडे?"

त्याचा आवाज एवढा मऊ होतो, हे मनुबाईनं आजच ऐकलं. दिवा मात्र तिनं हलू दिला नाही.

"आवं," ती म्हणाली, "सात वर्सांमागं म्या गिराणात वांगं चिरलं, म्हणून लेकरू मेलेलं जल्मलं, असं म्हणूनच हिला आणली न्हवं तुमी?"