एकोणीस महिन्यांनी बुडणारं कर्ज

"तांबोळी, तुमचं कर्ज एकोणीस महिन्यांनी बुडणार," भाकीतयंत्राच्या पडद्यावरचा अंदाज वाचत बँकेच्या मॅनेजर वैजयंती खरमाटे म्हणाल्या.

"अहो बाई, नव्या भट्टीसाठीचं कर्ज अजून घेतलंसुद्धा नाही!" बेकरीवाले इलाही तांबोळी उखडले.

पण नियम होता: पुढे बुडणाऱ्या कर्जाची तरतूद आजच करायची, म्हणजे तेवढे पैसे बँकेने आधीच बाजूला काढून ठेवायचे. त्याने बँकेचं भांडवल घटे, आणि भांडवल घटलं की कर्जवाटप बंद.

बाईंनी यंत्राला कारण विचारलं.

'बँक कर्जाचा दुसरा टप्पा, म्हणजे उरलेली रक्कम, देणार नाही. भट्टी अर्धवट राहील.'

"का देणार नाही?"

'या कर्जाच्या तरतुदीने भांडवल घटेल म्हणून.'

बाईंनी कपाळावर हात मारला आणि दोन्ही टप्पे एकदमच मंजूर केले. यंत्राने निमूटपणे तोटा शून्य दाखवला.

"आता?" तांबोळींनी भीत भीत विचारलं.

"आता भट्टी पेटवा, आणि पहिली नानकटाई मला आणून द्या. यंत्राला द्यायची नाही!"