तीस पावलं

"वाकडंतिकडं पळू नका, तोंडावर आपटाल. नाकासमोर पळत सुटा," तेओफील म्हणाले, आणि धक्क्यावर उभे असलेले पाहुणे हसले. जमिनीवर मगर फार तर तीस पावलं जोरात धावते, मग तिचा दम संपतो आणि ती पोट टेकून पडते, हे ते चाळीस वर्षं सांगत आले होते. एका बाईनं पाण्यातलं विचारलं. तेओफीलनी टोपी मागे सारली. पाण्यात पळायचा प्रश्नच येत नाही, बाई. तुम्हाला कळेपर्यंत ती येऊन गेलेली असते.

त्यांची मुलगी एल्मीर मागे बसून आमिषाच्या कोंबड्या तोडत होती. शहरातल्या शाळेत ती शिकवायची; मगरीच्या शिकारीच्या महिन्यापुरती बायूवर, या दलदलीतल्या संथ पाण्यावर, बापाकडे आली होती. संध्याकाळी दोघांनी भात आणि राजमा खाल्ला. टोमॅटोला यंदा चव नाही, एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेओफीलची रिकामी नाव पाण्यातल्या एका सायप्रस झाडाच्या खोडाला अडकलेली सापडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात तेओफीलचं प्रेत सापडलं. उजव्या मनगटावर दोराचा खोल वळ होता. मगरीच्या गळाचा दोर हाताला कधी गुंडाळू नये, हे साऱ्या गावाला त्यांनीच शिकवलं होतं. पण एकट्या माणसाच्या दुसऱ्या हातात बंदूक असेल, तर त्यानं दोर धरायचा कसा? मातीला आलेले लोक कॉफी पिताना म्हणाले, म्हातारा हट्टी, कुणाला बरोबर घेतलंच नाही. एल्मीर सगळ्यांचे कप भरत राहिली.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी तिनं बापाची बंदूक उतरवली. तिचा काका क्लोव्हिस म्हणाला, मास्तरीणबाई, फळ्यावर मगर काढणं वेगळं. तिनं काडतुसं मोजून खिशात टाकली. त्याला तिच्याबरोबर जावंच लागलं.

नऊ दिवस तिनं एकच गळ लावला. आमिष पाण्यापासून इतकं उंच टांगलं, की लहान मगरींचं तोंड पोचू नये. तिला बाकीच्या नको होत्या. रोज पहाटे ते तसंच लोंबताना दिसे आणि रोज ती आणखी सडकं मांस लावी. तिला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की ती मगरीला मारत असे, दर वेळी जरा अधिक सावकाश.

दहाव्या दिवशी दोर पाण्यात ताठ होता.

क्लोव्हिसनं तो उचलला आणि नाव गर्रकन फिरली. काळं पाणी एकदा फुगलं. मगर नावेखालून पलीकडे पोचलीसुद्धा. "सोड" म्हणायलाही वेळ नव्हता. बाबांनाही तो मिळाला नसणार, हे एल्मीरला तेव्हा कळलं.

दोर खोडाला बांधून, ढील देत, ओढत, तासाभरानं त्यांनी तिला काठाच्या चिखलावर आणलं. वर येताच ती क्लोव्हिसवर धावली. सत्तरीचा क्लोव्हिस नाकासमोर पळाला. खोडावरून सुटलेला दोर तिच्यामागे सरपटत गेला, आणि तीसेक पावलांवर ती एकाएकी थांबली. पोट टेकलं. धापा टाकू लागली. जबड्याच्या कडेतून नव्या दोराशेजारी एक जुना, तुटका निळा दोर लोंबत होता. त्यावरची गाठ तेओफीलची होती.

एल्मीर मागून गेली. कवटीमागे नाण्याएवढी मऊ जागा असते, तिथं तिनं नळी टेकवली. मगर हलली नाही. आपण कुणाला मारलं ते हिला कळायला हवं, असं नऊ दिवस एल्मीरला वाटत होतं. पिवळ्या डोळ्यात काहीच नव्हतं.

"घाल गोळी, पोरी," झाडाला टेकून क्लोव्हिस म्हणाला. "माझ्या भावाला हिनं नेलं."

तिनं बंदुकीच्या चापावरून बोट काढलं.

"हिनं नाही, काका. त्या पहाटे बाबांनी मला दोनदा उठवलं, दोर धरायला चल म्हणाले. आणि मी म्हणाले, तुमच्या अंगाच्या वासाची मला लाज वाटते, एकटेच जा."