पाच सुबाभळी

तिसरी सुबाभूळ धाडकन जमिनीवर आली, तरी मधुकररावांच्या कपाळावरची शीर काही खाली बसली नाही.

"मुळासकट काढा!" ते करवतवाल्यांवर ओरडले. "बुंधा ठेवलात तर पावसाळ्यात परत फुटेल. चिवट जात आहे ही."

नेरुळच्या त्या सोसायटीच्या कुंपणाला पाच सुबाभळी होत्या. हौसेनं कुणीच लावल्या नव्हत्या. शेंगा फुटल्या, बी पडलं, उगवल्या. गेल्या मार्चमध्ये, वारा नाही की पाऊस नाही, अशा भर सकाळी गेटजवळच्या झाडाची जाडजूड फांदी मोडून खाली आली. त्या सावलीत पाटी मांडून बसणारी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली रखमा जागच्या जागी गेली. तिची मांदेली रस्ताभर पसरली होती.

झाडं पाडायच्या परवानगीसाठी मधुकररावांनी आठ महिने महापालिकेत खेटे घातले. पहिल्या दोन, त्यात गेटजवळची ती, गेल्या महिन्यात पाडल्या. उरलेल्या तीन आज.

"काका, पण झाडाचा काय दोष?" दुसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा न राहवून खाली आली होती. "ती पाडून रखमामावशी परत येणारेत का?"

"दोष झाडाचा नाहीच!" मधुकरराव गर्रकन वळले. "तीन महिने आधी अर्ज दिला होता तिनं. फांदीला चीर गेलीय, तोडून घ्या. वॉचमनकडून लिहून घेऊन, अंगठा उठवून दिला होता. आपल्या सेक्रेटरीनं त्यावर 'पाहिले' असं लिहिलं, सही ठोकली आणि कागद कपाटात टाकला. पुढे पाठवायचा होता फक्त. एक पाकीट!"

उत्कर्षाच्या शेजारी उभा असलेला प्रसाद मोबाइलमध्ये बघायला लागला. सहा महिन्यांपासून सोसायटीचा सेक्रेटरी तो होता.

"आणि कमिटीनं काय केलं?" मधुकररावांनी आवाज चढवला. "दुःख व्यक्त करण्यात येत आहे, असा ठराव! पोलिसांना सांगितलं, आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं."

"काका, वर्ष झालं आता," प्रसाद हळूच म्हणाला. "कशाला टेन्शन घेता? ते सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं ना."

"सगळ्यांनी!" मधुकरराव एवढंच म्हणाले आणि तिथून निघून गेटकडे गेले.

गेटपाशी धर्मराज बसला होता. सारसोळ्याचा जुना होड्या बांधणारा. पहिल्या दोन झाडांच्या फळ्या पाडून मधुकररावांनी त्याच्याकडून एक ओटा करून घेतला होता. कमरेइतका उंच, वर छप्पर, एका कडेला मासळी कापायचा गोल ठोकळा.

"होडीला चालायचं नाय हे लाकूड," धर्मराज ठोकळ्यावर हात फिरवत म्हणाला. "पन ओटा झ्याक झालाय. बसंल ना रखमाची पोर?"

"बसेल. उन्हातान्हात जमिनीवर बसायला नको तिला."

रखमाची मुलगी सुचिता अकराच्या सुमाराला आली. मधुकररावांनीच निरोप धाडला होता. डोक्यावरची पाटी खाली न ठेवता तिनं ओटा पाहिला.

"कुठलं लाकूड?"

तिनं गेटजवळच्या झाडाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तिला कळलं.

"त्याच झाडाचं?" ती ओट्यापासून मागे सरली. "ज्यानं माझी आय मारली, त्याच्यावर मी मासली कापू? तुमाला काय वाटलं काका, ओटा दिला की मिटलं?"

"मिटावं म्हणून नाही गं..."

"मग कशापायी? तुमी बिल्डिंगवाले! ती मेली त्या दिवशी दुपारी पानी मारून रस्ता धुतला तुमी. घरी कोन आला? एक मानूस नाय आला!"

मधुकररावांनी मान खाली घातली नाही. उलट त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला. धर्मराज उठून तिच्याजवळ गेला.

"पोरी, दम घे. नको तर नको. लाकूड वाया नाय जायाचं. तू सांग, काय करू ह्याचं?"

सुचिता ओंडक्यांकडे वळली.

"खाडीत रोवा," ती म्हणाली. "जाळी बांधायला खुंट होतील. चिखलात कुजू दे मेलं. कुजेपर्यंत आमच्या कामाला येऊ दे."

"रोवतो," धर्मराज म्हणाला. "ह्यो ओटा पन मोडतो."

"मोडा," मधुकरराव म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. "सुचिता, तुला बोलावलं ते ओट्यासाठी नाही. हे वाच."

वरचा कागद तिच्या आईचा अर्ज होता. खाली निळा अंगठा, त्याच्या बाजूला 'पाहिले' आणि एक गिचमीड सही. दुसरा कागद टाइप केलेला, पोलीस ठाण्यात द्यायची तक्रार.

सुचितानं पाटी खाली ठेवली. वाचता वाचता ती 'पाहिले'पाशी थांबली.

"म्हंजे त्याला माहीत होतं? आमी नशीब म्हनून गप बसलो... आनी हा मानूस?"

"माहीत होतं. पोलिसांसमोर खोटंही तोच बोलला, आणि बाकीच्यांनी ते चालवून घेतलं. अजून इथंच राहतो. याच गेटातून ये-जा करतो. दोन वेळा जेवतो, झोपतो. त्याला सोडायचं नाही. तू सही कर, पोलिसांकडे मी तुझ्याबरोबर येतो."

"काका, नको," प्रसाद लगबगीनं पुढे आला. "वर चला. घरी बसून बोलू. काकूंचा तरी विचार करा."

"तू बाजूला हो."

सुचितानं पदरानं डोळे पुसले आणि कागदावर बोट ठेवलं.

"इथं जागा मोकळी सोडलीय. सेक्रेटरीचं नाव काय त्या?"

मधुकररावांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

"लिही," ते म्हणाले. "मधुकर विनायक टिपणीस."