गरम पातेलं

शेफील्डचं घर विकलं, सामान ट्रकमध्ये चढलं, पण आईनं एक पातेलं काही चढवू दिलं नाही. परसातलं तळं गोठलं होतं. बर्फाला भोक नसलं तर तळाशी झोपलेले बेडूक गुदमरतात. मी बर्फ फोडायला हातोडा उचलला. “ठेव तो. तुझ्या उशाशी कुणी आपटला तर?” आईनं पातेल्यात पाणी उकळलं. तेवढ्यात घर घेणारी हेदर किल्ली न्यायला आली. “तळं बुजवून तिथं गाडी लावणार आम्ही,” ती म्हणाली. “खुशाल लावा. पण बेडूक उठून गेल्यावर, उन्हाळ्यात. तोवर रोज सकाळी हे.” आईनं किल्लीऐवजी गरम पातेलं तिच्या हातात दिलं. हेदरनं चडफडत गुडघे टेकून ते बर्फावर ठेवलं. गोल भोक पडल्यावर तिनं आत डोकावलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “उठले तर नाहीत ना?” आईनं तिला किल्ली दिली.