आरतीपुरती शांतता

तेजूच्या पाचव्या वाढदिवसाला अंगणात पोरांना उड्या मारायला हवा भरलेला रबरी किल्ला आला, तेव्हापासून गयाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ल्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून त्या बसल्या. पोरांच्या चपला, बांगड्या, केसांतल्या पिना काढून घेतल्या आणि मोठ्या मुलांना अडवलं. "लहान आत आहेत तवरी तुमी नाई जायचं. कोनाचा हात मोडला मंजे?"

"माय, काऊन इतकी भिऊन राह्यली?" मुलगा कुलदीप हसला. "उद्या देवालेबी हेल्मेट घालशील!"

दिवेलागण झाली. आरती केल्याशिवाय गयाबाई संध्याकाळी पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्या देवघरात गेल्या, पण खिडकीखाली कसलंसं मशीन इतकं घरघरत होतं, की हातातली घंटी त्यांची त्यांनाच ऐकू येईना. हळूच जाऊन त्यांनी बटण बंद केलं, परत आल्या आणि डोळे मिटून सावकाश, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत आरती म्हटली.

तबक घेऊन त्या बाहेर आल्या, तर हवा जाऊन किल्ला अंगणभर पसरला होता, कुलदीप त्याच्याखालून एकेक पोर ओढून काढत होता, आणि सगळ्यात शेवटी निघालेली तेजू टाळ्या पिटत ओरडली,



"आजी, आनखी एकदा आरती कर न!"