सात पाचची गाडी

दुपारचा एक वाजत आला तसं ऑफिसातून जेवायला घरी आलेल्या राजनने ताट बाजूला सारलं आणि टॅबलेट पुढ्यात ओढला. रविवार, म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, आणि तो आत्ताच दमला होता. बहारीनच्या झिंज भागातल्या त्या दोन खोल्यांत एसीसुद्धा धापा टाकत होता.

पडद्यावर जपानमधल्या एका लहानशा शहराचं रेल्वे स्टेशन होतं. तिथे संध्याकाळचे सात. रुळांपलीकडच्या खांबावर गावाने हौशी लोकांसाठी कॅमेरा लावलेला, जगात कुणीही बघावं. जुनी लाकडी इमारत उद्या पाडणार होते. कॅमेऱ्याचाही आज शेवटचा दिवस.

तीन वर्षं राजन हे स्टेशन बघत होता. कुणी विचारलं की इतिहास सांगे. इमारत शंभर वर्षांची. तिची पितळी घंटा युद्धात वितळवायला नेली, ती गेलीच. एका हिवाळ्यात गाडी बर्फात अडकली, तेव्हा स्टेशनमास्तरच्या बायकोने चाळीस प्रवाशांना भात रांधून घातला. ऑफिसातला वसईचा कॉर्नेलियस हसायचा. "अरे बाबा, या बहारीनमध्ये रूळच नाहीत, आणि तू कसला स्टेशनमास्तर!"

इतिहास खरा होता. बघायचं कारण वेगळं होतं. शिवांगी, त्याची आणि बायको लीनाची एकुलती मुलगी, त्याच गावात नोकरीला होती. इथली बँकेतली नोकरी सोडून ती निघाली तेव्हा राजन म्हणाला होता, "गेलीस तर मला फोन करू नकोस." पोरगी बापावर गेलेली. तिने केला नाही. मग त्याने तरी कशाला करावा? ती आईशी बोले, तेव्हा लीना फोन घेऊन गॅलरीत जाई आणि राजन टीव्हीचा आवाज कमी करी.

सात पाचच्या गाडीला शिवांगी बाकाशेजारी येऊन उभी राही. गाडी मध्ये येई, फलाट झाकला जाई. गाडी गेली की फलाट रिकामा. तेवढी तीन मिनिटं. तिला चष्मा लागला, तिने केस कापले, एकदा हाताला प्लॅस्टर होतं, हे सगळं त्याला तिथून कळलं. प्लॅस्टरच्या दिवसांत त्याने दोन वेळा फोन उचलून खाली ठेवला होता. उद्यापासून हेही खलास.

आजही ती आली. गाडी आली. गाडी गेली.

शिवांगी तिथेच उभी होती.

"अगं, चुकली हिची गाडी!" राजन ओरडला. "आता पुढची साडेआठला!"

ओरडल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो.

लीना ओढणीला हात पुसत आली. तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज वार कोणता?"

"रविवार. म्हणून तर ऑफिस..."

"ऑफिस इथे हो. तिथे आज सुट्टी असते."

इथली पंचवीस वर्षं राजन रविवार कामाचाच धरून चालला होता. पोर दर रविवारी दिसली, आणि त्याला एकदाही नवल वाटलं नाही.

"मग सुट्टीच्या दिवशी जाते कुठे ही?"

"कुठे नाही. ऑफिसलासुद्धा सायकलनेच जाते."

"आणि स्टेशनवर?"

"मीच सांगितलं तिला, बाबा एक वाजता बघतात म्हणून. शाळेत इतिहासात नापास झालेला माणूस जपानी घंटेची गोष्ट सांगायला लागला, तेव्हाच कळलं मला."

पडद्यावर शिवांगीने मान वर केली. थेट खांबाकडे. तिच्या हातात फोन होता, आणि ती तो नुसताच धरून उभी होती.

लीनाने राजनचा फोन उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"तीन वर्षांत ती त्या गाडीत एकदाही चढलेली नाही. लावा आता, कॅमेरा बंद व्हायच्या आत."